फळ्यावरची नववी ओळ

आमच्या गावात वर्तमानपत्र सकाळी साडेआठच्या एसटीनं येतं आणि दुपारपर्यंत कटिंगच्या दुकानात त्याची पानं चार दिशांना जातात. माझा फळा मात्र तीन दिवस टिकतो. एसटी थांब्याच्या भिंतीवर तो ठोकलेला आहे. वर्षभर त्यावर नळपट्टीची सूचना नाहीतर कुणाच्या तरी तेराव्याचं आमंत्रण असतं. माघातल्या यात्रेत आमच्याकडं खो-खोचा अंतिम सामना होतो, आधीच्या फेऱ्या बाहेर ज्याच्या त्याच्या भागात झालेल्या असतात; तेव्हाचे तीन दिवस तो माझा. अंतिम सामन्यात समोर जो संघ येईल त्याच्या नऊच्या नऊ खेळाडूंची ओळख मी त्यावर खडूनं लिहितो.

आपल्या संघाबद्दल मी एक अक्षर लिहीत नाही. आपल्या पोरी गावाला पाठ आहेत. ओळख परक्याची करून द्यायची असते. माझा नियम ठरलेला: नाव, गाव, मग थोडं कौतुक आणि थोडा चिमटा. गाव म्हणजे संघाचं नव्हे, खेळाडूचं स्वतःचं. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संघांत कुठकुठल्या पोरी असतात, आणि येरमाळ्याच्या पोरीला येरमाळ्याची म्हटलं की ती दोन बोटं उंच होते, हे मी पाहिलेलं आहे.

मी दत्तोपंत. इथल्या हायस्कुलात तेहतीस वर्षं कारकून होतो, निवृत्त होऊन सात वर्षं झाली. शाळेत माझी ओळख दाखल्यावरच्या सहीपुरती होती, आणि ती सहीसुद्धा मुख्याध्यापकांची, मी नुसता शिक्का मारायचो. गावात माझी ओळख म्हणजे हा फळा आणि अंतिम सामन्याच्या दिवशी हातात येणारा माइक. एरवी बँकेत मला कुणी बसा म्हणत नाही. पण त्या तीन दिवसांत माणसं दुधाचे कॅन खाली ठेवून माझं अक्षर वाचतात, हसतात, पाठ करतात आणि मैदानावर येऊन तेच ओरडतात. खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली आहे.

यंदा अंतिम सामन्याला धाराशिवचा मुलींचा संघ आला. त्यांच्या प्रशिक्षकानं मोबाइलवर यादी पाठवली. मी चहाच्या हॉटेलात बसून एकेक नाव वहीत उतरवत होतो. कर्णधार रोहिणी, येरमाळा. प्रणोती, धाराशिव. आठ नावं झाली. नववं नाव वाचलं आणि चहा पुढ्यात गार झाला.

श्रावस्ती राजपाल बनसोडे.

ती आमच्याच गावची. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत तिचं घर. तिचा बाप राजपाल लाइनमन आहे, आणि गेली वीस वर्षं स्पर्धेचं मैदान तो आणि मी मिळून आखतो. टेपचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या. मग तो वाकून फक्की मारत जातो आणि मी मागून ओरडतो, डावीकडं घे, उजवीकडं घे. वीस वर्षांत आमचं भांडण झालं ते रेष वाकडी की सरळ एवढ्यावरूनच. श्रावस्ती त्याच्या मागं मागं मैदानावर यायची. दहा वर्षांची असताना ती पहिल्यांदा पळाली तेव्हा मोठ्या मुलींना दोन मिनिटं सापडली नाही. ओल्या हातातून साबण निसटावा तशी निसटायची.

सोळाव्या वर्षी सरावात पडली आणि डावा गुडघा सुजला. राजपाल ड्यूटीवर खांबावर चढलेला, फोन लागेना. मीच तिला स्कूटरवर मागं बसवून सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे विश्रांती, घाबरू नका. मी सगळ्याच खेळाडूंचं लिहून ठेवतो, तसं त्या दिवशी वहीत लिहिलं: 'श्रावस्ती. डावा गुडघा कच्चा. डावीकडं वळायला कचरते, कायम उजवीकडं जाते.' महिन्याभरानं ती पुन्हा खेळायला लागली. तीन मिनिटं चाळीस सेकंद पळाली तेही मी लिहिलं. गुडघा बरा झाला, असं मात्र कुठं लिहिलं नाही. दुखतं ते माणूस लिहून ठेवतो, दुखायचं थांबलं हे कोण लिहितं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाचा संघ राज्य स्पर्धेला जायचा होता. खेळ पाहता कर्णधारपद श्रावस्तीचं होतं. मंडळाच्या खोलीत बैठक बसली. अध्यक्ष धोंडप्पा, आणखी तिघं, आणि वही घेऊन मी.

"पोरगी खेळती चांगली," धोंडप्पा म्हणाले, "न्हाय कोण म्हणतंय? पर..."

त्या 'पर'च्या पुढं कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. राजपालची पोरगी संघाच्या पुढं चालणार, तिच्या मागं आपल्या पोरी चालणार, हे त्या खोलीत कुणाच्याही घशाखाली उतरत नव्हतं. माझी वही त्यांनी मागून घेतली, पानं उलटली आणि ती ओळ सापडल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. गुडघा कच्चा आहे! मग काय, राज्य स्पर्धेला धोका कशाला घ्यायचा! कर्णधार झाली अस्मिता, धोंडप्पांची पुतणी. श्रावस्तीला राखीव ठेवलं, कारण म्हणून कागदावर गुडघा लिहिला. तो बरा होऊन दोन वर्षं झालीत, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. मला कुणी विचारलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण तोंड माझंच होतं आणि ते मी मिटून ठेवलं.

महिन्याभरात तिनं धाराशिवच्या कॉलेजात नाव घातलं आणि वसतिगृहात राहायला गेली. राजपाल त्याबद्दल माझ्याशी कधी एक शब्द बोलला नाही. पुढच्या माघात टेपचं टोक धरायला वेळेवर आला.

यादी आली त्याच दिवशी तो हॉटेलात माझ्यासमोर येऊन बसला. अंगात खाकी कपडे, कमरेला पक्कड. चहा सांगितला, पण कप हातात घेऊन नुसताच फिरवत राहिला.

"पंत, फळ्यावर प्वारीचं नाव येणार न्हवं?"

"नऊही येतात. तिला कशाला वगळू?"

"नाव तर येईलच. गाव आपलं लिवा. एवढंच म्हणायलोय." मग म्हणाला, "ती काय म्हणली न्हाय, बरं का. म्याच आपलं..." आणि मग मान हलवली. "न्हाय, खोटं कशाला बोलू तुमच्यापाशी. तिनंच फोनवर इचारलं. म्हणली, पप्पा, काका माझं गाव काय लिवतील वं?"

"अरे, हे काय सांगायचं झालं? नियमच आहे माझा," मी म्हणालो. हॉटेलवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणालो.

"निवड समितीचे दोघं येणार हायेत म्हणं मॅचला. राज्याच्या संघासाठी पोरी बघायलेत. तिचं तिकडं काय व्हायचं ते खेळावर व्हईल. पर हितं लोकांनी तिला आपली म्हणावं, असं लई वाटायलंय तिला." चहा त्यानं एका दमात पिऊन टाकला. "दोन वर्षं झाली, गावात आली न्हाय. आता मॅचलाच येणार हाय."

तो गेला आणि मला फार बरं वाटलं. वाटलं, एका ओळीत सगळं फिटेल. बैठकीतलं मिटलेलं तोंड, वहीत न लिहिलेली ओळ, सगळंच. स्वस्तात सुटायला मिळालं की माणसाला किती बरं वाटतं!

संध्याकाळी धोंडप्पांनी मंडळाच्या खोलीत बोलावलं. वयानं माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे, आवाज कधी चढवत नाहीत. चढवायची वेळच कुणी येऊ देत नाही.

"बसा पंत. नऊ नंबरला काय लिवणार?"

"नियमाप्रमाणं. नाव, गाव..."

"कोणतं गाव?"

मी वही उघडून पानं चाळायला लागलो.

"हे बघा," ते म्हणाले, "गाव आपलं लिवलं की लोक इचारणार, आपली हाय तर आपल्याकडून का न्हाय खेळत? समितीचे पाहुणे येणार हायेत. त्यांच्याम्होरं जुनं कशाला उकरून काढायचं? पोरगी धाराशिवला राहती, धाराशिवाकडून खेळती. धाराशिव लिवा. खोटं हाय का त्यात काही?"

"खोटं नाही आप्पा, पण..."

"आन् गुडघ्याचं तुमच्या वहीत हाय, ते बी घ्या. आपल्या पोरीस्नी उपेग व्हईल."

ते जुनं आहे, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. मी वहीत बोट घातलेलं पान नुसतं दाबून धरलं.

"बाकी उत्कर्ष सर मागं लागलेत," जाताना त्यांनी सहज सांगितलं. उत्कर्ष म्हणजे शाळेतला नवा, हुशार मास्तर. "म्हणतेत, फळा कशाला, मोठा स्क्रीन लावू, पोरींचे फोटो टाकू. बोलतेत बी झ्याक माइकवर. म्या म्हणलो, पंत हायेत तवर पंतच."

म्हणजे पंत नीट वागतील तवर. इतकं मला कळतं.

रात्रभर मी स्वतःची समजूत घालत राहिलो. गुडघा बरा झाला तरी सवय थोडीच जाते? डावीकडं वळायची भीती असेलच की. पण मी तिला दोन वर्षांत पळताना पाहिलेलं नव्हतं. धाराशिव काय अमेरिकेत नाही, एसटीनं तासाभराची वाट. तिच्या चार-पाच स्पर्धा झाल्या, मला तारखाही ठाऊक होत्या. तोंड दाखवायला नको म्हणून मी एकीलाही गेलो नाही. बाकी आठ जणींना मी इतर संघांतून खेळताना कधी ना कधी पाहिलं होतं; डोळ्यांनी न पाहता मी आजवर कुणाबद्दल लिहिलं नव्हतं. ही पहिलीच.

सकाळी सहाला फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि लिहायला घेतलं. पहिल्या आठ ओळी भराभर झाल्या. 'रोहिणी, येरमाळा. कर्णधार. खांबाशी इतकी चिकटून उभी राहते की आधी खांब कुठला आणि पोरगी कुठली ते पाहून घ्यावं.' 'प्रणोती, धाराशिव. हुलकावणी अशी देते की घरी आईलासुद्धा ती नेमकी कुठल्या खोलीत आहे ते कळत नसेल.' मागं माणसं जमून हसायला लागली. कुणीतरी म्हणालं, पंतांचा हात अजून हाय बरं का. मला गुदगुल्या झाल्या.

मग नववी ओळ लिहिली: 'श्रावस्ती, धाराशिव. पळते छान, पण डावा गुडघा कच्चा. डावीकडं वळायचं नाव नाही. पाहुण्या बाईंना उजवीकडूनच घ्या.'

मागचं हसू जरा कमी झालं. दोघंतिघं एकमेकांकडं पाहून गेले. गावात सगळ्यांना ठाऊक होतं ती कुणाची आहे, आणि कुणीही विचारलं नाही. धोंडप्पांना उगीच काळजी होती.

घरी आलो तर माझ्याआधी बातमी पोचलेली. लीला, माझी बायको, भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचा गुडघा तुम्हाला कळला कसा, आठवतंय का?"

"डॉक्टरांनी सांगितलं."

"सोलापूरहून तुमच्या पाठीला डोकं टेकून रडत आली होती पोर. याच ओट्यावर बसवून मी तिला हळद लावली. दवाखान्यात नेलं म्हणून जे कळलं, ते थांब्यावर लिहितात होय?"

"तुला खेळातलं कळत नाही," मी म्हणालो.

"नाही कळत," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. त्या दिवशी तिनं मला वाढलं, पण समोर बसली नाही.

दुपारी राजपाल मैदान आखायला आला. थांब्यावरून आल्याशिवाय मैदानाला दुसरी वाट नाही, म्हणजे त्यानं वाचलं होतं. मी म्हणालो, "राजपाल, जरा ऐक..." त्यानं टेपचं टोक उचललं आणि चालत दुसऱ्या बाजूला गेला. टेप ताणून धरली. मी डावीकडं म्हणालो की डावीकडं, उजवीकडं म्हणालो की उजवीकडं. एकदाही वाद घातला नाही. त्या दिवशी रेषा अगदी सरळ आल्या. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

अंतिम सामन्याच्या दिवशी दुपारी धाराशिवचा संघ टेम्पोतून थांब्यावरच उतरला. मी समोर हॉटेलात होतो. पोरी फळ्यापुढं घोळका करून आपापल्या ओळी वाचायला लागल्या, एकमेकींना ढकलायला लागल्या. श्रावस्ती शेवटी आली. उंच झाली होती, केस कापलेले. तिनं खालपर्यंत सगळं वाचलं. नववी ओळ दोनदा वाचली असावी. आधी तिचा चेहरा पार उतरला. मग ती पुन्हा वाचून हसली आणि रोहिणीच्या कानात काहीतरी बोलली. रोहिणीनं मागं वळून फळ्याकडं असं पाहिलं, की जणू तिला रस्त्यात काही सापडलं. ते हसू मला कळलं नाही. वाटलं, माझी कीव करते आहे. करू दे, म्हटलं.

चार वाजता मैदान भरलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर माणसं, शाळेच्या गच्चीवर बाया. समितीचे दोघं पाहुणे शामियान्यात धोंडप्पांशेजारी. आमची रीत अशी, की आधी पाहुण्या संघाची ओळख. मी नाव घेतो, खेळाडू पुढं येऊन खांबाला हात लावते, लोक टाळ्या वाजवतात. रोहिणीला टाळ्या मिळाल्या, प्रणोतीला हशा आणि टाळ्या. आठ झाल्या.

"श्रावस्ती, धाराशिव," मी म्हणालो. इतक्या घाईनं, की गाव आणि नाव एकमेकांत मिसळून गेलं.

ती पुढं आली, खांबाला हात लावला. टाळी एकही नाही. आणि मग ट्रॉलीवरून पोरांनी सुरू केलं, "गुडघा! गुडघा! गुडघा!" तालावर, टाळ्या पिटत. तिच्या वर्गात बसलेली पोरं होती ती. मी लिहिलेलं लोक पाठ करून येतात याचा मला एरवी केवढा अभिमान! राजपाल रेषेबाहेर फक्कीचा डबा घेऊन उभा होता, पुसलेली रेष पुन्हा मारायला. तो खाली रेषेकडंच बघत राहिला. गप्प बसा, असं मला माइकवरून म्हणता आलं असतं. मी आपल्या संघाची नावं वाचायला घेतली.

पहिलं आक्रमण आमचं होतं. आमच्या आठ पोरी ओळीनं चौकात बसल्या, नववी अस्मिता पाठलागाला उभी. धाराशिवच्या पहिल्या तिघींत श्रावस्ती होती. सोबतच्या दोघी दीड मिनिटात बाद झाल्या आणि गाव उसळलं. मग अस्मितानं श्रावस्तीला खांबाकडं रेटत नेलं. तीन दिवस त्यांनी हाच सराव केला होता: खांबाशी नेऊन कोंडायची, ती उजवीकडं वळणार, तिथंच सूर मारायचा. अस्मितानं उजवीकडं सूर मारला. अंगभर माती घेऊन उठली तेव्हा श्रावस्ती डावीकडून केव्हाच निघून गेली होती.

चुकून झालं असेल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. डाव्या पायावर गर्रकन फिरायची, आणि आमची पोरगी उजवीकडं मातीत. चौकात बसलेल्या पोरीही खो मिळाला की उजवीकडंच झेपावत होत्या, इतकं ते त्यांच्या अंगात भिनलं होतं. धाराशिवला जाऊन तिनं आधी गुडघा बळकट केला असणार आणि मग त्यालाच आपलं हत्यार केलं असणार. हे जिल्ह्यातल्या कुठल्याही पंचानं मला सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं.

शेवटी अस्मिता मैदानातूनच माझ्याकडं बघून ओरडली, "काका, ही तर डावीकडंच वळायलीय! काय लिवलंय तुमी?"

सगळं मैदान माझ्याकडं वळून बघायला लागलं. मी माइक खाली केला आणि हातातल्या घड्याळाकडं बघायला लागलो.

श्रावस्ती पाच मिनिटं दहा सेकंद पळाली. आमच्या मैदानावर इतकं कुणी पळालेलं नाही, माझ्या वह्यांत तरी नाही. दुसऱ्या डावातही तिला बाद करायला पावणेचार मिनिटं लागली. तोवर आमच्या पोरी डावी-उजवी दोन्ही विसरल्या होत्या. धाराशिव तीन गुणांनी जिंकलं. "गुडघा" म्हणणारी पोरं कधी गप्प झाली ते मला कळलंही नाही.

बक्षीस समारंभाला पाहुण्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली: सर्वोत्कृष्ट खेळाडू, श्रावस्ती राजपाल बनसोडे. त्यातले एक जण धोंडप्पांना म्हणत होते, या मुलीला राज्याच्या शिबिरात घेतोच आम्ही, कुठली आहे हो ही? धोंडप्पा ताडकन उठून माझ्या कानाशी आले.

"पंत, आपल्या गावची लेक म्हणा. जोरात म्हणा. पाव्हण्यांना कळू द्या."

खरं सांगतो, मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण आनंदच झाला. वाटलं, उशिरा का होईना, राजपालला दिलेला शब्द पाळला गेला. मी घसा साफ केला, आवाज चढवला. "आणि आजची सर्वोत्कृष्ट खेळाडू! आपल्या मातीत वाढलेली, आपल्या गावची लेक, श्रावस्ती राजपाल बनसोडे!"

काय टाळ्या पडल्या! ट्रॉलीवरच्या त्याच पोरांनी शिट्ट्या मारल्या. गच्चीवरच्या बाया उभ्या राहिल्या.

श्रावस्ती आपल्या संघात बसली होती. उठली नाही. पायाची माती पुसत होती, ती पुसत राहिली.

मला वाटलं, गोंगाटात ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा म्हणालो, आणखी गोड आवाजात. आपल्या गावची लेक. टाळ्या पुन्हा पडल्या, पण जरा कमी. रोहिणीनं तिला कोपर मारलं. ती हलली नाही. पाहुणे चषक हातात धरून उभे. टाळ्या विरत गेल्या आणि मैदान इतकं शांत झालं, की कुठंतरी ट्रॅक्टरवर रडणारं पोर ऐकू यायला लागलं.

"काका," ती बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी शेवटच्या ट्रॉलीपर्यंत गेला. "फळ्यावर लिहिलंय तसं वाचा."

धोंडप्पा माझ्याकडं बघत होते. पाहुणे धोंडप्पांकडं. मी राजपालकडं पाहिलं, एखादी खूण करेल म्हणून, पोरीला समजावेल म्हणून. तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता, दोन वर्षांत पहिल्यांदा.

मी माइक तोंडाशी नेला. "श्रावस्ती राजपाल बनसोडे," मी म्हणालो, आणि पुढचा शब्द बाहेर काढायला मला फार वेळ लागला. "धाराशिव."

ती लगेच उठली. कपडे झटकले, शामियान्यापर्यंत चालत आली, पाहुण्यांना नमस्कार केला, चषक घेतला. मलाही नमस्कार केला, परक्या गावच्या निवेदकाला करतात तसा, नीट हात जोडून. तिच्या आठ जणींनी टाळ्या वाजवल्या. गावातून एकही टाळी आली नाही. मग राजपालनं फक्कीचा डबा रेषेवर खाली ठेवला आणि तो एकटाच टाळ्या वाजवायला लागला. आपली लेक परगावची झालेली त्यानं माझ्या तोंडून ऐकली होती आणि तो टाळ्या वाजवत होता. मला त्याच्याकडं बघवलं नाही.